पहिल्या ओळीची जागा

९ एप्रिल, बुधवार

सायंसंध्येला बसलो असता आचमनाची पळी हातातून निसटली. पाणी आसनावर सांडले आणि मंत्र कुठे तुटला ते आठवेना. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

कारण सकाळचे. माझी नात शिवांजली हिने एक चूक दाखवली. तेरखेड्याच्या एका फटाक्यांच्या कारखान्यात आम्ही तापमान मोजणारी यंत्रणा बसवली आहे. वाळवणीच्या शेडमध्ये अडतीस अंश झाले की भोंगा वाजतो, आम्हां सर्वांच्या फोनवर संदेश येतो, आणि बाया हातातले काम ठेवून बाहेर चिंचेखाली जातात. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या अडतीसचे त्र्याऐंशी झाले होते. त्र्याऐंशीला भोंगा ऐकायला तिथे कोणी उरले नसते.

आकडा कुमारच्या हातून उलटला. कुमार आमच्या कार्यालयातला तिसरा, तेरखेड्याचाच. त्याची आई हरणाबाई त्याच शेडमध्ये वाती भरते. चूक शिवांजलीच्या तपासणीतून सुटली, कारण कुमारचा एडिटर, म्हणजे त्याचा लिहिण्याचा प्रोग्रॅम, फाईल जतन करताना प्रत्येक ओळीपुढची मोकळी जागा आपल्या सवयीने बदलतो. शिवांजलीची मांडणी वेगळी, माझी त्याहून वेगळी. तपासणीच्या वेळी सगळीच फाईल बदललेली दिसली. शेकडो निरुपद्रवी बदलांच्या गर्दीत तो एक घातक बदल उभा होता, आणि तिने गर्दी पाहून मान डोलावली. नंतर दुसऱ्याच कामासाठी तिने फाईल उघडली म्हणून अवचित दिसला. अजून तो तेरखेड्याच्या यंत्रात उतरला नव्हता, एवढेच देवाने राखले.

कुमारने दिवसभर डबा उघडला नाही.  

११ एप्रिल, शुक्रवार

शिवांजलीने उपाय मांडला. फॉरमॅटर नावाचा प्रोग्रॅम बसवायचा. कोणीही कसेही लिहो, काम जमा करताना तो प्रत्येक ओळ एकाच नियमाने मांडून देईल. आणि ज्याची मांडणी नियमाबाहेरची, त्याचे काम सर्व्हर दारातूनच परत पाठवील. मग तपासताना खरे बदललेले तेवढेच डोळ्यांसमोर येईल.

मला भय वाटले, ते मी लपवले नाही. मी बँकेच्या संगणकावर तीस वर्षे काम केलेला माणूस. आमच्या त्या जुन्या भाषेत कोणता शब्द कोणत्या स्तंभात पडतो यावर अर्थ ठरे. एक घर सरकले की हिशेब दुसराच. मांडणी म्हणजे अंगरखा नव्हे, ती हाड आहे, अशी माझी धारणा. आणि आता सगळ्या फाईलींवरून एक अदृश्य हात फिरणार, तोही त्या शेडवर पहारा देणाऱ्या फाईलीवरून.

शिवांजली हसून म्हणाली, "अप्पा, तुम्हीच तर आम्हांला वेदांचे पदपाठ आणि घनपाठ शिकवताना सांगितलं होतं. पाठ इतका बांधून ठेवलाय, की एक अक्षर चुकलं तरी कानाला टोचतं. हे तेच आहे."

नातीने माझेच शस्त्र माझ्यावर चालवले. गुरुकुलात बारा-तेराव्या वर्षी क्रमपाठ म्हणताना शेजारचा एका मात्रेला अडखळला की सगळी पंगत थांबे, ते आठवले. मी होकार दिला. मात्र चार दिवस विचार करून अट सांगेन, असेही म्हणालो.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी

अट घातली. फॉरमॅटर प्रत्येक फाईलीला हात लावणारच आहे, तर त्याच हाताने प्रत्येक फाईलीच्या माथ्यावर, पहिल्याच ओळीत, 'श्री' लिहावे. संगणक ती ओळ टिपण म्हणून सोडून देईल, अर्थाला बाध नाही. ग्रंथारंभी मंगल करावे म्हणजे विघ्ने दूर राहतात, असे शिष्टांचे वचन. लग्नपत्रिकेवर, चोपडीवर, दुकानाच्या पावतीवर आपण श्री लिहितो. जिच्यावर बायांचे प्राण टांगले आहेत, तिला मंगलाचरण नको?

शिवांजली जरा चाचरली. म्हणाली, काही फाईलींची पहिली ओळ यंत्रासाठी राखलेली असते.

मी विचारले, "देवाच्या आधी यंत्र?"

ती नियम लिहायला वळली. कुमारने काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि चहाचा पेला तोंडाला लावला. दोघेही संस्कारी आहेत. मोठ्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत, याचा मला अभिमान वाटतो.

दुपारी फॉरमॅटर चालला. क्षणात सगळ्या फाईली एकसारख्या झाल्या. कुमारचे लिहिणे कोणते, माझे कोणते, ओळखू येईना.  परंतु उघडली त्या प्रत्येकीच्या माथ्यावर श्री पाहिले, आणि जीव भांड्यात पडला.

१८ एप्रिल, शुक्रवार

एक फाईल श्रीविना राहिली होती. योगायोगाने पाहिली. लहानशीच आहे, तेरखेड्याचे यंत्र सुरू झाले की तीच बाकीच्या प्रोग्रॅमला उठवते. सगळ्यांत आधी जागी होणारी तीच नेमकी अनाथ. फॉरमॅटरच्या नियमांत कोणी तिला अपवाद म्हणून वगळले होते. धावपळीत झाले असेल. मुलांना टोकणे बरे दिसले नाही. अपवाद मीच पुसला, श्री माथ्यावर आले, आणि काम जमा केले. माझे काम कोणी तपासत नाही, त्यामुळे लगेच तेरखेड्याच्या यंत्रात उतरले.

तरीही मनाची खात्री व्हावी म्हणून ती फाईल कार्यालयातल्या यंत्रावर स्वतः चालवून पाहिली. निर्विघ्न चालली. मग भय कसले?

तरी आहे. कसले ते कळत नाही. कळंबच्या मोंढ्यातल्या आडत दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारचे ऊन असे शिरते, की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आणि प्रत्येक चटक्याला मला ती शेड आठवते.

२१ एप्रिल, सोमवार

काल तेरखेड्यात बराच वेळ लाईट नव्हती. कारखान्याचे मालक शरणबसप्पा फोनवर म्हणाले, बॅटरीही उतरली होती, आता सगळे पूर्ववत आहे, यंत्राचा हिरवा दिवा लागला आहे. मी हात जोडले.

आज संदेश एकही नाही. एरवी दुपार कलली की फोन वाजतोच, आणि माझ्या छातीत धडकी भरते. आज शांत.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी

बाहेर पारा एकेचाळीसच्या पुढे गेला, आणि फोन अजूनही शांत आहे. शेडचे छप्पर थंड राहते आहे. त्या श्रीचा आणि आई येडेश्वरीचा हा प्रसाद नव्हे तर काय? सकाळी एसटीने येरमाळ्याला जाऊन देवीची ओटी भरून आलो. पायऱ्या चढताना गुडघे दुखले, तेही सुखाचे वाटले.

शिवांजलीला हे सांगितले. ती एकदम म्हणाली, "एकही संदेश नाही? इतक्या उन्हात?" मी म्हणालो, त्याचेच तर नवल. तिच्या कपाळावर आठी पडली. उद्या पाहते म्हणाली. तिला कशाचा आनंद मानावा हे अजून कळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

लेखणी धरवत नाही. तरी लिहितो, कारण न लिहिले तर मन तेच तेच दळीत बसेल.

दुपारी जेवणाच्या सुमारास कुमारचा फोन वाजला. हरणाबाई. कळंबच्या बाजारातून चष्म्याची दांडी बसवून आण, एवढेच तिला सांगायचे होते. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून आम्हां तिघांना ऐकू आले. बोलता बोलता ती लेकाची थट्टा करू लागली.

"तुमच्या भोंग्याला झोप लागली का काय रं? लई दिस झालं, वराडला न्हाय. त्यो वाजला का चिंचंखाली बसाया तरी मिळतंय. शिजून निघालो की आमी."

कुमार उभा राहिला. खुर्ची मागे पडली. शिवांजलीची बोटे कीबोर्डवर धावू लागली, आणि काही क्षणांत ती पुटपुटली की लाईट गेल्यापासून तिकडचा प्रोग्रॅम चालूच झालेला नाही. दिवा हिरवा आहे आणि आत कोणी जागे नाही.

"आई, आत्ता भाईर ये. समद्यांना घीऊन ये. हातातलं हळू खाली ठिव, आपटू नगंस."

ती म्हणाली, मुकादम ओरडेल. भोंगा वाजल्याबिगर उठायचे नाही असा नियम आहे. नियम तुम्हीच लोकांनी घालून दिला ना? खरेच होते. बसवताना मीच बायांपुढे उभे राहून सांगितले होते, की आता भिऊ नका, कधी उठायचे ते भोंगा सांगेल.

कुमारने फोन माझ्या हाती कोंबला. "तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

 आयुष्यभर उच्चारशुद्धीचा अभिमान बाळगलेल्या या जिव्हेला एक वाक्य सरळ निघेना. कसेबसे म्हणालो, "हरणाबाई, मी अप्पा बोलतोय. बाहेर या."

"अप्पा म्हणतेत व्हय? मग निघतो की."

एवढेच. कारण विचारले नाही. मी म्हटले म्हणून उठल्या. फोन चालूच राहिला. आतून भांड्यांचे, बांगड्यांचे आवाज येत होते, कोणी हसत होते, कोणी चप्पल शोधत होते. मी त्या चपलेसाठी मनात तळमळत होतो. राहू दे ती चप्पल. जप आठवला नाही, देव आठवला नाही, नुसता तो आवाज ऐकत राहिलो. मग पाखरांचा किलबिलाट ऐकू आला, आणि त्या बाहेर आल्या असे समजले.

कुमार तोवर मोटारसायकलवर निघून गेला होता. तिसऱ्या प्रहरी त्याने हरणाबाईंच्या फोनवरून कळवले. शेडमधल्या भिंतीवरच्या साध्या तापमापकात पारा त्रेचाळीसवर होता. ताटातली दारू हाताला ऊन लागत होती. तासाभराने उष्णता उतरली. काही झाले नाही.

काही झाले नाही, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. त्याला आधार कशाचा होता? चष्म्याच्या दांडीचा.

२६ एप्रिल, शनिवार

शिवांजलीला कारण विचारले. ती भुईकडे पाहत म्हणाली, "फॉरमॅटरमुळं झालं, अप्पा. एका फाईलीची मांडणी बिघडली."

कुमार तेवढ्यात उठून गॅलरीत गेला. त्याची आई मरणाच्या दारात बसली होती. त्याला ते ऐकवत नसेल, हे मी समजू शकतो.

म्हणजे माझी पहिल्या दिवसाची शंका खरी ठरली. अदृश्य हाताने घात केला. मी आज्ञा केली, की फॉरमॅटर काढून टाका, हातानेच लिहू, दुप्पट तपासू. शिवांजली म्हणाली, "नका काढू, अप्पा. तो काढला की त्र्याऐंशीचा आकडा परत येईल." तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, दोन दिवसांनी बघू.

यंत्रणा कालपासून पुन्हा चालू आहे. आज दुपारी भोंगा वाजला, संदेश आला. एरवी ज्या आवाजाने दचकत होतो त्याने आज हायसे वाटले. पण वाजायचा थांबला की पुन्हा भय. आता न वाजणे म्हणजे काय समजावे?

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी पूजा आटोपून कार्यालयात आलो. कोणी आलेले नव्हते. तेरखेड्याची ती उठवणारी फाईल उघडली, आणि पाहतो तो माथ्यावरचे श्री नाही. फॉरमॅटरनेच पुसले असणार, असे वाटले. मनात म्हटले, म्हणूनच तर अनर्थ ओढवला होता. आजच्यासारखा मुहूर्त नाही. मी श्री पुन्हा पहिल्या ओळीत लिहिले आणि काम जमा करणार, इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि कुमार दारात उभा राहिला. जाता जाता त्याने माझ्या पडद्याकडे पाहिले.

"अप्पा, हात बाजूला घ्या."

या स्वरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी हात घेतला.

"मला शिवांजलीनं शपथ घातलीय, तुमास्नी सांगायचं न्हाय म्हणून. तुमचं वय झालंय, जिवाला लागंल, म्हणती. पर आई माजी बसती तिथं. म्या सांगनार. भोंगा तुमच्या श्रीनं बंद पडला हुता."

मला आधी राग आला. देवाच्या नावाने घात होत नसतो, असे काहीतरी मी बोललो. तो वाद घालत बसला नाही. कार्यालयातले यंत्र, जे तेरखेड्याच्या यंत्रासारखेच आहे, त्याने माझ्यापुढे ठेवले. माझी श्री लिहिलेली फाईल त्यात घातली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. हिरवा दिवा लागला. आम्ही वाट पाहिली. आत काहीच जागे झाले नाही.

मग त्याने समजावले. त्या फाईलीची पहिली ओळ टिपण नव्हेच. ही फाईल कोणाच्या हाती वाचायला द्यायची, हे यंत्राला तीच सांगते, आणि ती अगदी पहिल्या अक्षरापासून असावी लागते. वर काहीही आले, देवाचे नाव का असेना, की यंत्र ती फाईल उचलतच नाही. मी विचारले, मग मी स्वतः चालवली तेव्हा कशी चालली? हाताने चालवताना संगणक चूक सांभाळून घेतो, तो म्हणाला. यंत्र आपोआप सुरू होताना तसे सांभाळणारे कोणी नसते. आमच्या जुन्या बँकेच्या संगणकात असला प्रकारच नव्हता. मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही हेही मला ठाऊक नव्हते.

"अपवाद म्याच घातला हुता," कुमार म्हणाला. "म्हनलं, अप्पांशी वाद नगं, एक फाईल गुपचूप वगळू. तुमी तो पुसला. शुक्रवारी श्री काढून अपवाद परत घातला आमी. तुमचं काम कोन तपासनार? समद्यांचं तपासतो आमी, तुमचं सोडून."

त्याने श्री दुसऱ्या ओळीत हलवून यंत्र पुन्हा चालू केले. प्रोग्रॅम उठला. आम्ही हाताने तापमापक तापवला, आणि खोलीत भोंगा असा वाजला की खालच्या दुकानातला हमाल धावत वर आला.

शिवांजली आली तेव्हा ते यंत्र अजून माझ्यापुढेच होते. तिने कुमारकडे पाहिले आणि ओळखले. मी तिला रागावलो नाही. ती खोटे बोलली ते मला जपण्यासाठी. आणि मला जपले जात असताना तिकडे हरणाबाई शिजत होत्या. या घरात, या खोलीत, माझे वाक्य संपले की बोलणे संपते, याला मी आजवर संस्कार म्हणत आलो.

फॉरमॅटरवर आळ घेतला, त्याचा दोष इतकाच, की मी सांगितले ते त्याने एकही फाईल न चुकवता केले.

आजच्या दिवशी केलेले अक्षय्य राहते म्हणतात. आणि सकाळी मी तीच ओळ पुन्हा लिहून जमा करायला बसलो होतो. कुमारला जिना चढायला घटकाभर उशीर झाला असता तर?

३ मे, शनिवार

तेरखेड्याला जाऊन आलो. चिंचेखाली सर्व बायांना आणि शरणबसप्पांना सांगितले, की यंत्र बंद पडले ते माझ्यामुळे. आणि भोंगा न वाजताही अंगाला ऊन जाणवले तर उठायचे. मुकादमाने अडवले तर मला फोन करायचा. मुकादम मान खाली घालून उभा होता. शरणबसप्पा रागावले, पुष्कळ बोलले, आणि ते सगळे रास्त होते. भिंतीवरच्या साध्या तापमापकाची नोंद रोज दुपारी फोनवर घेण्याचे ठरले.

हरणाबाई मात्र म्हणाल्या, "अप्पा, तुमचं ऐकून भाईर आलो म्हणून वाचलो की. मग तुमची चूक कशी म्हनायची?"

त्यांना ते समजावणे मला साधले नाही. माझ्या शब्दावर त्या आत बसल्या होत्या, आणि माझ्याच शब्दावर बाहेर आल्या. दोन्ही वेळा त्यांनी कारण विचारले नव्हते. याच गोष्टीचे आता मला सर्वांत जास्त भय वाटते.

परतताना कुमारला म्हणालो, सर्व्हरचा नियम बदल. फॉरमॅटर राहू दे. परंतु तू किंवा शिवांजलीने मंजूर केल्याखेरीज माझी एक ओळही पुढे जाता कामा नये. त्याने गाडी चालवता चालवता विचारले, "खरंच पाठवू का परत, चूक दिसली तर?" मी होय म्हणालो. 

८ मे, गुरुवार. एकादशी

माझे काम आज प्रथमच तपासणीला गेले. यंत्र मुके झाले तर आम्हांला कळावे, यासाठी दर तासाला त्याने 'यंत्र जागे आहे' असा संदेश पाठवावा, असा छोटासा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मांडणी फॉरमॅटरने केली. जमा केले आणि परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा बसून राहिलो. शिवांजली पडद्याआडून माझा चेहरा न्याहाळत होती.

कुमारने परत पाठवले. संदेश खरेच गेला का, ही तपासणी प्रोग्रॅममध्ये राहून गेली होती. केली. पुन्हा पाठवले. दुपारी पुन्हा परत आले. या वेळी खाली लिहिले होते: "अप्पा, चौथी ओळ कशाला आहे? कारण लिहा, मग मंजूर करतो. – कुमार."

मी चौथी ओळ पाहिली. बँकेत असताना आम्ही ती नेहमी घालत असू. का घालत असू, हे मला आठवेना. पुष्कळ वेळ विचार केला. शिवांजलीने विचारले, "मी सांगू का त्याला, राहू दे म्हणून?"

मी नको म्हणालो. मला कारण देता आले नाही. मी ती ओळ काढली आणि काम तिसऱ्यांदा पाठवले.